तुले दिसत नाई, मग पिक्चर कसा पाहतो बे? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वरोरा तालुक्यातला, सिनेमे पाहतो, त्यांच्यावर लिहितो, आणि मला डोळ्यांनी दिसत नाही. हे तीन एका दमात सांगितलं की समोरचा आधी गप होतो आणि मग त्याचे प्रश्न सुरू होतात, एसटीत, पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर मयतीतसुद्धा. तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतो. यापुढं कोणी विचारलं की हेच पाठवीन.

तुले दिसत नाई, मग पिक्चर कसा पाहतो बे?

पाहतो म्हणजे पाहतोच. "सिनेमा ऐकला" असं मी म्हणत नाही आणि तुम्ही पण माझ्यासाठी शब्द बदलू नका. डॉक्टर नाडी पाहतो, माय भाजीत मीठ पाहते, आजारी माणसाला आपण पाहायला जातो, आणि वाट तर दिवे गेल्यावरही पाहता येते. त्यात डोळे किती लागतात?

प्रॅक्टिकल उत्तर पाहिजे असेल तर तीन रस्ते आहेत. ऑडिओ डिस्क्रिप्शन असलं तर ते लावतो, नसलं तर भाच्याला सोबत नेतो, आणि भाचा नसला तर कान आणि अंदाज. तिसऱ्या रस्त्यानं पाहिलेल्या सिनेमावर मी लिहीत नाही, एकदा लिहिलं होतं आणि चांगला तोंडावर पडलो होतो, हिरो मेला हेच मला समजलं नव्हतं.

ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणजे नेमकं काय?

सिनेमाच्या आवाजासोबत अजून एक आवाज, जो दोन डायलॉगच्या मधल्या मोकळ्या जागेत पडद्यावर काय चाललंय ते सांगतो. कोण आलं, कोणी काय हातात घेतलं, कोण कोणाकडं पाहून गप बसलं, भिंतीवर काय लिहिलंय, पाटी, चिठ्ठी, मोबाईलवरचा मेसेज, सगळं. मराठीत कोणी त्याला ध्वनिवर्णन म्हणतं कोणी श्राव्य वर्णन, मी नुसतं वर्णन म्हणतो.

रेडिओवरची क्रिकेट कॉमेंट्री आठवा. फरक एवढाच की कॉमेंट्रीवाल्याला पूर्ण मैदान मोकळं असतं, हिथं मात्र डायलॉगवर पाय द्यायचा नाही, गाण्याचा मुखडा खायचा नाही, आणि कधी कधी जागा असते दोन सेकंदांची. दोन सेकंदांत पाच-सहा शब्द बसतात. त्या पाच-सहा शब्दांत काय सांगायचं आणि काय सोडायचं, सगळी कला त्यात आहे.

हे कुठून निघालं?

अमेरिकेतून. १९७५ साली सॅन फ्रान्सिस्कोत ग्रेगरी फ्रेझियर यांनी यावर प्रबंध लिहिला, आणि १९८१ साली वॉशिंग्टनच्या अरेना स्टेज थेटरात मार्गारेट आणि कोडी फॅनस्टील यांनी नाटकांसाठी हे नीट सुरू केलं. मार्गारेटबाईंना स्वतःला दिसत नव्हतं.

पण खरं सांगू का, आमच्या अंगणात हे त्यांना न विचारताच चालू होतं. गावात गणपतीत व्हीसीआर भाड्यानं आणायचे, ताडपत्री अंथरायचे आणि रात्रभर तीन पिक्चर. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, तर बाबा तिच्या कानाशी बसून सांगत राहायचे, "आता तो विहिरीजवळ आला, आता तिनं तोंड फिरवलं." तेव्हा मला चांगलं दिसत होतं आणि मी वैतागून म्हणायचो, बाबा चूप बसा ना! बाबा बसायचे नाहीत. पुढं दहा-बारा वर्षांनी त्याच आवाजात ते मला सांगायला लागले.

म्हणजे तुम्ही जन्मापासून आंधळे नाही?

नाही. रेटिनायटिस पिग्मेंटोसा, म्हणजे डोळ्यांतला पडदा हळूहळू निकामी होत जाणारा आजार. आधी रातांधळेपण आलं, सातवीत असताना दिवेलागणीला बॉल सापडेना, मग बाजूचं दिसणं कमी होत होत नळीतून पाहिल्यासारखं झालं, विशीत तेही गेलं. वरोऱ्याजवळ आनंदवन आहे, तिथं अंध मुलांची शाळा आहे, त्यामुळं लोकांना वाटतं मी तिथं शिकलो, पण नाही, मी साध्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिल्या बाकावर बसून शिकलो आणि फळ्यावरचं शेजारच्या पोराच्या वहीतून उतरवलं.

त्यामुळं रंग मला आठवतात. जन्मापासून न दिसणारा माझा एक दोस्त आहे, त्याला निळा म्हणजे काय हे माहीत नाही आणि त्याला त्याची पडलेली पण नाही, पण विधवेच्या घरात कोणी हिरवा चुडा भरून आलं तर ते त्याला सांगितलंच पाहिजे, कारण त्याचा अर्थ त्याला तुमच्याइतकाच माहीत आहे. तेव्हा "आंधळ्यांना रंग कशाला सांगता" हे डोकं कोणी चालवू नये. आणि मी सगळ्या आंधळ्यांच्या वतीनं बोलत नाही, आमच्यात पण ॲक्शन आवडणारे वेगळे, रडके आवडणारे वेगळे.

डायलॉग ऐकून स्टोरी समजत नाही का?

सीरियलची समजते. सीरियलमध्ये बाई स्वयंपाकघरात जाताना "मी स्वयंपाकघरात जाते" असं बोलून जाते, आमच्यासाठी ती उत्तम सोय आहे, हसू नका.

चांगल्या सिनेमाची समजत नाही, आणि सिनेमा जेवढा चांगला तेवढी कमी समजते. २०१६ साली सैराट लागला तेव्हा पोट्ट्यांसोबत गेलो. गाणी डोक्यावर, डायलॉग तोंडपाठ व्हायला लागलेले, सगळं थेटर नाचत होतं आणि मी पण. मग शेवट आला. शेवटी नागराज मंजुळेंनी आवाजच काढून घेतला. तुम्हाला माहीत आहे तिथं काय दिसतं, ते लहान लेकरू, ती रक्तातली पावलं. मला ते माहीत नव्हतं. मला वाटलं थेटरचा साउंड गेला. आमच्याकडं साउंड जातो, लाईट जाते, त्यात नवल काही नाही, मी तर शिट्टी मारायला बोटं तोंडात घातली होती. मग लक्षात आलं की कोणीच ओरडून नाही रायलं. एवढी माणसं आणि कोणी खोकत पण नाही. दोस्ताला कोपर मारलं, तो बोलेना. बाहेर आल्यावर, स्टँडवर, गाडी लागल्यावर त्यानं सांगितलं, ते पण अर्धं, कारण त्याचा आवाज फुटत नव्हता.

त्या शिट्टीची मला अजून लाज वाटते, मारली नव्हती तरी. आणि मी वर्णनावर लिहायला लागलो ते त्या दिवसामुळं. त्या शांततेत वर्णन करणाऱ्यानं किती बोलावं हा प्रश्न मी अजून सोडवू शकलो नाही. जास्त बोलला तर शांतता मेली, काहीच नाही बोलला तर मी शिट्टी मारणार. माझ्या मते तीन वाक्यं पुरतात, छोटी, आणि मध्ये भरपूर जागा.

परीक्षण लिहिता कसं, पद्धत काय?

घरी पाहायचा असला तर दोनदा पाहतो. पहिल्यांदा वर्णन बंद करून, आवाज एकटा कुठवर नेतो ते तपासायला. दुसऱ्यांदा वर्णन लावून. दोन्हीच्या मध्ये जे सापडतं ते माझं परीक्षण. शंका आली, म्हणजे वर्णन म्हणतं "तो हसतो" आणि आवाजात मला हसू ऐकू येत नाही, तर तेवढा तुकडा भाच्याला दाखवतो आणि तिऱ्हाईत म्हणून विचारतो.

लिहितो मोबाईलवर, टॉकबॅक लावून, म्हणजे फोन स्क्रीनवरचं वाचून दाखवतो. बोलून टाईप करायला जातो तर फोनला आमची भाषा पचत नाही, "मले" म्हटलं की "मुले" लिहितो, त्यामुळं माझ्या कच्च्या नोंदींमध्ये फार मुलं असतात.

कॅमेऱ्यावर मी लिहीत नाही. "नेत्रसुखद छायाचित्रण" हे वाक्य माझ्या परीक्षणात कधी सापडणार नाही (डोळे असलेल्यांनी पण ते जरा कमी लिहावं). पण एडिटिंग ऐकू येतं, एका खोलीचा घुमारा तुटून दुसरी खोली सुरू झाली की कट समजतो. ॲक्टिंग श्वासात असते. पळत आल्याचा डायलॉग स्टुडिओत खुर्चीवर बसून डब केला असेल तर दम तोंडात असतो, पोटात नसतो. आणि गाव खरं की सेटवरचं हे मला तुमच्या आधी कळतं. विदर्भातलं गाव म्हणून दाखवतात आणि मे महिन्याच्या दुपारी मागं बेडकं ओरडत असतात! किंवा शेतकऱ्याची मोटर भर दुपारी निवांत चालू. अरे बाप्पा, आमच्याकडं कृषीपंपाची लाईन पाळीनं येते, अर्ध्या वेळा रात्रीची, माणसं टॉर्च आणि काठी घेऊन पाणी द्यायला जातात, साप चावतात, आणि तुमच्या सिनेमात मोटर दुपारी बारा वाजता भुर्रर्र.

मार्क दोन देतो. सिनेमाला वेगळे, वर्णनाला वेगळे. टुकार सिनेमाला झकास वर्णन असू शकतं आणि उलटं पण.

चांगलं वर्णन कोणतं आणि वाईट कोणतं?

पंचनामा आणि निकाल यातला फरक.

समजा सीन असा आहे, माणूस कापूस विकून घरी आला. वाईट वर्णन म्हणेल, "निराश शेतकरी घरी परततो." झालं, खटला संपला, मला काही कामच नाही उरलं. चांगलं वर्णन म्हणेल, "तो पायरीवर बसतो. खिशातली हिशोबाची पट्टी काढून पाहतो. घडी घालून परत ठेवतो. पुन्हा काढतो." निराश आहे की भाव मोजतोय की बायकोला काय सांगावं याचा विचार करतोय, ते मी ठरवीन ना. तिकिटाचे पैसे मी पण दिले. अतिवृष्टी झाल्यावर तलाठी बांधावर येतो तेव्हा त्यानं किती आर पाण्याखाली आहे ते लिहावं, "शेतकरी बिचारा" असं लिहून उपयोग काय? आणि काही तलाठी गाडीतून न उतरताच पंचनामा करतात तसे काही वर्णनकार पण असतात, सीन नीट न पाहता लिहिलेलं लगेच समजतं.

आता याचा अतिरेक पण होतो. एक वर्णन ऐकलं त्यात "तिच्या ओठांचे कोपरे वर जातात" असं होतं. म्हणजे हसली ना बाई? हसली म्हणा! नुसतं हसणं हा पंचनामाच आहे. कुत्सित हसली म्हणाल तर जरा जपून म्हणा, पण जागा दोनच सेकंदांची असेल आणि ते हसणं सगळ्या थेटराला कुत्सित दिसत असेल तर म्हणून टाका, मी भांडणार नाही.

दुसरी गोष्ट टायमिंग. दारामागं कोणीतरी उभं आहे हे पडद्यावर दिसायच्या आधीच मला सांगितलं तर मी दचकणार कधी? आजूबाजूची माणसं दचकतात आणि मी आधीच शहाणा होऊन बसलेला, फार एकटं वाटतं तेव्हा. तसंच नाव. सिनेमानं माणसाचं नाव अजून सांगितलं नसेल तर वर्णनानं पण सांगू नये, "टोपीवाला माणूस" चालेल. पण एकदा नाव कळल्यावर पुढं अर्धा तास टोपीवाला टोपीवाला लावू नका.

तिसरी गोष्ट माहिती. एका वर्णनात मी "दूरवर पांढऱ्या फुलांचं शेत" असं ऐकलं. मी म्हटलं विदर्भात एवढा मोगरा कोणी लावला? भाच्याला विचारलं तर म्हणे मामाजी, कापूस आहे ना तो. कापसाचं फूल पिवळसर असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं, पांढरं दिसतं ते फुटलेलं बोंड. आणि हा बारकावा नाही, बोंड फुटलं म्हणजे वेचणी आली, मजूर आले, घरात पैसा यायची वेळ झाली, त्या एका शब्दात पूर्ण महिना सांगितला जातो. फुलं म्हटल्यावर ते सगळं गेलं.

आवाजावर जास्त बोलत नाही. फक्त लाडीगोडी लावू नका, आम्ही लहान लेकरं नाही.

अलीकडं पाहिलेल्यांत कोणत्या सिनेमावर सगळ्यात जास्त लिहिलं?

स्थळ. जयंत सोमलकरांचा, ७ मार्च २०२५ ला थेटरात लागला, त्याआधी २०२३ मध्ये टोरंटोच्या चित्रपट महोत्सवात जाऊन पुरस्कार घेऊन आला होता. आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावची गोष्ट, गावातलीच माणसं कामाला घेतलेली, भाषा आमची. पहिल्या पाच मिनिटांत मी ताईचा हात दाबला, अगं हे तर आपल्या घरातले लोक बोलून रायले.

पण विषय पहा. पोरीला पाहायला येणारे पाहुणे! सगळा सिनेमाच पाहण्यावर उभा आहे. सविताला बसवतात, विचारतात, नाव काय, शिक्षण किती, उंची किती, आणि हे परत परत, दर वेळी वेगळे पाहुणे आणि प्रश्न तेच. हे परत परत येणं कानाला फार जबरदस्त लागतं, तिसऱ्या खेपेला तर प्रश्न यायच्या आधीच आपल्याला गुदमरायला होतं. तिथवर मला कोणाची गरज पडली नाही. पण प्रश्नांच्या मधल्या जागेत जे चालतं, कोणाची नजर तिच्या पायावर, कोणाची हातावर, कोण कोणाला खुणावतं, ती स्वतः कुठं पाहते, ते सगळं मुकं. शेजारी ताई होती. ताई सांगायला लागली आणि मध्येच थांबली. मी म्हटलं बोल ना. ती म्हणे, "तसंच पाहून रायले रे, जसं मले पाहत होते." हे काही वर्णनाच्या नियमात बसत नाही, हा तर उघड उघड निकाल आहे, पण मी आजवर ऐकलेलं सगळ्यात चांगलं वर्णन तेच.

मी स्वतः मुलगी पाहायला गेलो होतो हिंगणघाटकडं. गेलो पाहायला आणि सगळं घर मलाच पाहत बसलं. मुलीच्या मामानं माझ्या डोळ्यांसमोर हात हलवून खात्री करून घेतली, मला वारा लागला. मी म्हटलं, मामाजी, पाचही बोटं आहेत. सगळे हसले, मामाजी सोडून. ते स्थळ गेलं. (नंतरचं जमलं, ती वेगळी गोष्ट आणि ती सांगायची मला घरून परवानगी नाही.)

बाकी थोडक्यात. छावा, फेब्रुवारी २०२५ चा, आवाज इतका की लढाईत कोण कोणाला मारतंय हे भाच्याला पण सांगता येईना, तो नुसता "मारलं, मारलं" म्हणत होता. साबर बोंडं, ज्याला २०२५ मध्येच अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला, तो याच्या बरोबर उलटा, बोलतो कमी आणि एकमेकांवर जीव असलेल्या दोन पुरुषांच्या जवळ बसण्यात सगळं ठेवतो. असल्या सिनेमाला मराठीतून चांगलं वर्णन मिळावं ही माझी फार इच्छा आहे, कारण तिथं भाच्याला सांगायला लाज वाटते आणि मला विचारायला.

मराठीत वर्णन असलेले सिनेमे किती मिळतात?

माझ्या हाती जे आलं त्यात इंग्रजी भरपूर, हिंदी थोडं थोडं वाढतंय, मराठी जवळपास शून्य. मराठी सिनेमा आणि वर्णन हिंदीत, हे पण करून पाहिलं, चालतं, पण ते म्हणजे पुरणपोळीसोबत सॉस.

थेटरात कसं काय करता?

दोन प्रकार असतात. एक, थेटरच हेडफोन देतं, तो मी अजून आमच्या भागात पाहिला नाही. दुसरा मोबाईल ॲपचा, एक्सएल सिनेमासारखे ॲप आहेत. सिनेमाचा वर्णनाचा ट्रॅक आधीच डाउनलोड करून ठेवायचा, थेटरात जाऊन ॲप चालू करायचं, फोनचा माईक सिनेमाचा आवाज ऐकतो आणि आपण कितव्या मिनिटाला आहोत ते ओळखून तिथून वर्णन लावतो. इंटरवलनंतर उशिरा आलात तरी बरोबर जागा पकडतो. एका कानात इअरफोन, दुसरा कान थेटरला मोकळा.

डाउनलोड घरून करून निघा. मी एकदा भरवशावर गेलो, आत रेंज नाही, आणि मी तीन तास एसटीनं आलेलो. दुसऱ्या एका ठिकाणी माणूस टॉर्च मारत आला, "भाऊ मोबाईल बंद करा, रेकॉर्डिंग चालू आहे तुमचं." त्याला समजावून सांगेपर्यंत हिरोच्या बापाचा खून होऊन गेला. आता मी आत जातानाच गेटवरच्या माणसाला सांगून ठेवतो आणि स्क्रीन काळी करून फोन वरच्या खिशात ठेवतो.

आणि हो, तिकीट पूर्ण लागतं. "तुम्हाला तर दिसत नाही, अर्धं घ्या" असं एक जण प्रेमानं म्हणाला होता. मी म्हटलं आवाज अर्धा सोडणार का?

याचा काही कायदा आहे का, की असंच मेहरबानी?

आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, कलम ४२. इलेक्ट्रॉनिक माध्यमांत ऑडिओ डिस्क्रिप्शन, सांकेतिक भाषा आणि कॅप्शन असावेत यासाठी सरकारनं पावलं उचलावीत असं त्यात लिहिलंय. पुढं जानेवारी २०२३ मध्ये, पठाण लागायच्या तोंडावर, दिल्ली हायकोर्टात काही दिव्यांग लोक गेले आणि कोर्टानं निर्मात्यांना सांगितलं की ओटीटीवर येताना हिंदी वर्णन आणि कॅप्शन तयार ठेवा. थेटरसाठी तेव्हा वेळ फार थोडा राहिला होता.

मग १५ मार्च २०२४ ला केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं थेटरातल्या सिनेमांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एकापेक्षा जास्त भाषांत सर्टिफिकेट घेणाऱ्या सिनेमांना सहा महिने, राष्ट्रीय पुरस्कार आणि गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवासाठी येणाऱ्यांना १ जानेवारी २०२५ पासून, आणि बाकी सगळ्यांना दोन वर्षांची मुदत. आता यातली मेख बघा, मराठी सिनेमा बहुतेक एकाच भाषेत निघतो, म्हणजे तो आपोआप शेवटच्या रांगेत गेला. गावात नळ येतो तेव्हा पण आमची आळी शेवटचीच असते, त्यामुळं सवय आहे.

मोबाईलवर वर्णन कसं लावायचं?

सिनेमा चालू करा, ऑडिओ आणि सबटायटल्सचं बटण शोधा, भाषेच्या यादीत जिथं भाषेपुढं ऑडिओ डिस्क्रिप्शन लिहिलं असेल ते निवडा. यादीत नसेल तर त्या सिनेमाला नाही. अँड्रॉइडवर टॉकबॅक चालू करायला बऱ्याच फोनमध्ये आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून धरायची. ताप एकच, प्लेअरवरची बटणं दोन-तीन सेकंदांत गायब होतात आणि आमचं बोट तिथवर पोचेपर्यंत तिथं काहीच नसतं, म्हणून आधी दोन बोटांनी स्क्रीनला दोनदा टिचकी मारून सिनेमा थांबवायचा, मग निवांत शोधायचं.

एवढं करण्यापेक्षा भाच्यानं सांगितलेलं काय वाईट आहे?

वाईट काहीच नाही, पण भाचा सतरा वर्षांचा आहे. त्याचं वर्णन असं असतं,
"मामाजी, आला."
"कोण?"
"तोच ना."
"कोण तोच बे?"
"मघाचा. थांबा, थांबा... अबे तेरी!"
आणि मग दहा मिनिटं शांतता कारण तो स्वतःच सिनेमात घुसलेला असतो. त्याचा दोष नाही, तो पण पैसे देऊन आलाय, म्हणजे मी दिलेत. हिरोईन आली की मात्र वर्णन एकदम सविस्तर होतं. आणि मागच्या रांगेतले लोक "ओ भाऊ, गप बसा" म्हणतात ते वेगळंच, तेव्हा मला आजीशेजारी बसलेले बाबा आठवतात.

झाडीपट्टीच्या नाटकाला पण वर्णन लागतं का?

फार कमी. झाडीपट्टी म्हणजे पूर्व विदर्भ. ताई तिकडं सिंदेवाहीकडं दिली आहे, दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाली की मी महिनाभर तिकडंच. वडसाहून नाटक मंडळी येतात, रात्री दहाला पडदा वर आणि पहाटेपर्यंत नाटक. तिथं नट शेवटच्या रांगेतल्या, तणसावर बसलेल्या माणसासाठी बोलतो, खलनायक आला की आधी त्याचं संगीत येतं, आणि रडणं म्हणजे रडणं, दोन शेतं पलीकडं ऐकू जाईल असं. शहरातले लोक त्याला भडक म्हणतात. मी त्याला सोय म्हणतो. मात्र मागच्या वर्षी एका नाटकात मुकाभिनयाचा प्रवेश घातला होता, तिथं शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्यानं न सांगता सुरुवात केली, "आता थो चिठ्ठी वाचून रायला गा." माझी काठी पाहिली असावी.

एआय हे सगळं करून टाकेल ना आता?

फोटो सांगतो तो, पोस्टर वाचून दाखवतो, मी रोज वापरतो. मशीनच्या आवाजातलं वर्णन पण काही ठिकाणी असतं आणि काहीच नसण्यापेक्षा ते बरंच. पण कोणती गोष्ट सोडायची हे त्याला अजून नीट जमत नाही, खोलीत पंखा आहे, कॅलेंडर आहे, खुर्ची आहे, सगळं सांगतो, आणि बाई दाराला कडी घालते ते राहून जातं.

सिनेमात आंधळ्याचं काम करणारे नट कसे वाटतात?

सई परांजपेंचा स्पर्श, १९८०, नसीरुद्दीन शाह. त्यात माणूस हट्टी आहे, मदत घ्यायला चिडतो, चुकतो, म्हणून खरा वाटतो. बाकी बऱ्याच सिनेमांत आंधळा म्हणजे एकतर देव किंवा भोळा, आणि क्लायमॅक्सला वासावरून गुंड ओळखणारा. मला वासावरून फक्त भजी ओळखता येतात.

तुम्हाला आंधळा म्हणू, अंध म्हणू की दिव्यांग?

सर्टिफिकेटवर दिव्यांग आहे, गावात आंधळा आहे, लेखात अंध समीक्षक आहे. मला नाव पण आहे.

यात पैसे मिळतात का?

क्वचित. घर दुकानावर चालतं, किराणा.

मला वर्णन लिहायचं काम शिकायचं आहे, काय करू?

एक दोन मिनिटांचा सीन घ्या, सात-आठ वेळा पहा. मग डोळे मिटून नुसता ऐका आणि आवाजातून जे समजतं ते यादीतून काढून टाका, दार वाजलं हे मला ऐकू येतं, ते सांगू नका, कोण आलं ते सांगा. उरलेल्यातलं महत्त्वाचं एक निवडा. वर्तमानकाळात लिहा. मोठ्यानं वाचून मोकळ्या जागेत बसतं का पहा. मग एका आंधळ्या माणसाला ऐकवा आणि तो काय म्हणतो ते मुकाट्यानं लिहून घ्या, मध्ये "नाही पण मला असं म्हणायचं होतं" करू नका, कारण थेटरात तुम्ही समजवायला येणार नाही. आणि त्या माणसाला त्याचे पैसे द्या. बऱ्याच ठिकाणी आम्हाला "तुमचा अभिप्राय अमूल्य आहे" म्हणून सांगतात, म्हणजे मूल्य शून्य.

सिनेमा ज्या गावचा असेल त्या गावच्या माणसाला एकदा विचारा. बोंड आणि फूल एवढ्यासाठी.

तुमच्यासोबत पिक्चरला यायचं आहे, काय लक्षात ठेवू?

या ना. माझा हात धरून ओढू नका, तुमचं कोपर द्या, मी धरून येतो. पायरी आली की "पायरी" म्हणा, चढायची की उतरायची ते पण. समोसा हातात द्या, "इथं ठेवलाय" म्हणू नका. आणि सिनेमा चालू असताना तुमच्या तोंडून "अरे बाप्पा!" निघालं तर लगेच पुढचं वाक्य बोला, काय झालं ते.